तिसरी जोडी

१

गुरांचे डॉक्टर गेले ते भर सकाळी, कोरड्या रस्त्यावर, समोरून एकही वाहन येत नसताना. कुणाचीशी गाय अडली होती आणि ते निघाले होते. उतारावरच्या वळणाला त्यांची पिकअप रस्ता सोडून थेट निलगिरीच्या झाडावर आदळली. लोक धावत आले तेव्हा औषधांची पेटी शेजारच्या सीटवर जशीच्या तशी होती आणि डॉक्टर स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते. बघणाऱ्याला वाटावं, जरा वेळ विसावलेत.

दुपारपर्यंत गावभर एकच कुजबुज पसरली. बायको गेल्यापासून माणूस आतून खचलाच होता, जावयाशी पटत नव्हतं, घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. पायाखालचा रस्ता, डोळे झाकून चालवला असता त्यांनी, मग गाडी झाडावर जाईलच कशी? जाणूनबुजून घातली असणार. बोलणारे हळहळून बोलत होते, पण बोलत होतेच. डॉक्टरांच्या एकुलत्या एका लेकीला दिवस भरत आले होते. ते शब्द तिच्या कानांपर्यंत जाणार नाहीत याची कुणालाच खात्री नव्हती.

वाहन तपासणीच्या निरीक्षक बाई दुसऱ्या दिवशी आल्या. निवृत्तीला टेकलेल्या, केस पिकलेले, पायांत जाड तळाचे बूट. अपघातात सापडलेल्या गाड्या बघण्यात त्यांची सगळी नोकरी सरली होती. त्यांचं काम नेहमी सगळं होऊन गेल्यावरचं असे. त्यामुळे घाई करायची नाही आणि कुणाच्या हळहळीवर विश्वास ठेवायचा नाही, एवढं त्या शिकल्या होत्या.

"यात बघायचं काय मॅडम," सोबतचा हवालदार म्हणाला. "माणसाला जगायचंच नव्हतं."

बाई आधी त्या वळणावर गेल्या. तिथे चाकांखाली रस्ता उखडून लहान लहान लाटा झाल्या होत्या. त्या लाटांवर टायरचे काळे ठसे होते. सलग रेघ नव्हती ती. धावदोऱ्यासारखी तुटक होती, जरा काळं, जरा कोरं, पुन्हा काळं. बाई उकिडव्या बसल्या आणि बराच वेळ बसून राहिल्या.

"जगायचं नव्हतं म्हणता ना? मग ब्रेक कशाला दाबला त्यांनी?" त्या म्हणाल्या. "जीव खाऊन दाबलाय. पण मागचं चाक रस्त्यावर टिकतच नव्हतं. उड्या मारत होतं. चाक हवेत असताना ब्रेक दाबून काय उपयोग?"

पोलिसांच्या आवारात गाडी उभी होती. पुढचा भाग चेपून गेलेला, मागचा धड. बाईंनी हवालदाराला मागच्या कोपऱ्यावर सगळा भार टाकायला लावलं आणि एकदम सोडायला सांगितलं. गाडीने एकदाच वर येऊन गप्प बसायला हवं होतं. ती वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, आणि करकरत झुलत राहिली. बाई सतरंजी पसरून गाडीखाली सरकल्या. मागचे दोन्ही शॉकअप तेलाने माखले होते आणि त्या तेलावर धुळीचा जाड थर बसला होता.

"गेलेत," त्या खालूनच म्हणाल्या. "स्प्रिंग उसळी मारते आणि ती उसळी हे जिरवतात. यांच्यातलं तेल गळून गेलं की गाडी नुसती नाचते. हे कधीचेच मेलेत."

हवालदाराचा चेहरा बदलला. "असं कसं होईल मॅडम? या थंडीच्या सुरुवातीलाच डॉक्टरांनी मागची जोडी नवी टाकून घेतली. स्वतः सांगत फिरत होते. उस्तादाने टाकली, त्यांच्या जिवलग दोस्ताने."

२

बाई गॅरेजवर पोचायच्या आत बातमी पोचली होती. दोन गिऱ्हाइकं आपापल्या गाड्या बाहेर काढून उभी होती आणि उस्ताद हात पुसायचं फडकं नुसतंच पिळत बसला होता. धिप्पाड माणूस, पण डोळे रडून सुजलेले.

"नवी घातली," तो म्हणाला. "माझ्या हाताने, त्याच्यासमोर. शाळेपासूनचा मित्र तो माझा. त्याच्या गाडीत मी सडका माल घालीन?"

"गाडीखाली जे आहे ते मी बघून आलेय, उस्ताद."

"मग माझंही बघा." तो उठला, मागच्या भंगारात शिरला आणि गंजलेली, चिकट जोडी घेऊन आला. "ही त्याची जुनी. काढली आणि इथे टाकली. तिच्यावर त्याच्या अंगणातला लाल चिखल अजून तसाच आहे. मी नवे घातलेच नाहीत असं म्हणता ना? मग हे कुणाचे?"

बाईंनी ती जोडी हातात घेतली. त्याच गाडीची, त्याच मापाची. डॉक्टरांची जुनी जोडी इथे होती, तर त्यांच्या गाडीखाली होती ती कुठली?

"काम झालं की तुम्ही काही खूण करता?" त्यांनी विचारलं.

"नट आवळला की त्याच्यावरून बोल्टवर पिवळ्या रंगाची एक रेघ ओढतो. पुढे नट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. माझ्या प्रत्येक गाडीला आहे. मागचे टायरही तेव्हाच नवे टाकले, कारण जुने खड्डे पडून गेले होते."

"त्यानंतर गाडी पाहिलीत कधी?"

हा प्रश्न उस्तादाच्याही मनात सलत असावा. "नाही. आधी रोज चहाला यायचा. नंतर नुसता हात करून पुढे जायचा. मला वाटलं, सध्या एकटं राहावंसं वाटत असेल. फोन मात्र करायचा. जावयाची गाडी याच्यासारखीच आहे ना, एकाच वर्षी घेतलेल्या. तिच्यासाठी जोडी मागव म्हणाला. माल मिळत नव्हता, एकच जोडी आली होती आणि ती त्याच्या गाडीला लागली. दुसरी अजून वाटेतच आहे. दर फोनवर तेवढंच विचारायचा, आली का, आली का."

बाहेर काच फुटल्याचा आवाज झाला. कुणीतरी गॅरेजच्या पाटीवर दगड घातला होता.

३

बाई पुन्हा गाडीखाली गेल्या, या वेळी बॅटरी आणि कोरडं फडकं घेऊन. नटावरची धूळ पुसली. पिवळी रेघ होती. उस्ताद खोटं बोलत नव्हता. पण नटावरची अर्धी रेघ एकीकडे आणि बोल्टवरची अर्धी दुसरीकडे होती. चारही ठिकाणी तसंच. म्हणजे उस्तादाने आवळलेला नट नंतर कुणीतरी सोडवला होता आणि पुन्हा आवळला होता.

"अपघातानंतर काढले असतील," हवालदार म्हणाला. आवारातला पहारेकरी त्याला आधीपासूनच आवडत नव्हता. "नवे काढून विकले, जुने अडकवले."

बाईंनी त्याचा हात धरून मागच्या नव्या टायरवर ठेवला. "फिरवा. काय लागतंय?"

"उंचसखल आहे. वाटीवाटीसारखं."

"चाक उड्या मारतं तेव्हा टायर असा जागोजागी खरवडतो. नवा टायर एका रात्रीत असा होत नाही. गाडी बरेच दिवस या मेलेल्या जोडीवर पळालीय. अदलाबदल झाली ती डॉक्टर जिवंत असताना, नवे टाकल्यावर लगेचच."

त्यांनी उजवा शॉकअप सोडवून बाहेर काढला आणि उजेडात धरला. दांडा बोटाने दाबला तर विरोध न करता सरळ आत गेला आणि आतच राहिला. धूळ जाऊ नये म्हणून दांड्यावर जे रबरी आवरण असतं, ते एका बाजूला फाटलेलं होतं. आणि ती फाट कुणीतरी शिवली होती. काळा, चिवट दोरा, सारख्या अंतरावर टाके, प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ. चोरी करणाऱ्याला एवढी सवड कुठून मिळाली? आणि मेलेल्या शॉकअपचं आवरण एवढ्या मायेने कोण शिवेल?

४

कंपाउंडर दवाखान्याच्या पायरीवर बसला होता. दाराला कुलूप लावायचं त्याच्या जिवावर आलं होतं. आयुष्य डॉक्टरांबरोबर गुरांचे पाय धरण्यात गेलेला म्हातारा, हात आता थरथरायचे.

"भांडण झालं होतं," बाईंनी विचारताच तो म्हणाला, जणू कधी विचारतायत याचीच वाट बघत होता. "जावई इथेच आला होता. लेकीला मोठ्या डॉक्टरांनी सांगितलेलं, आडवं पडून राहायचं, हादरे बसता कामा नयेत. आधीचं एक पोटातच गेलं होतं तिचं. आणि तपासायला तर दर आठवड्याला न्यावं लागायचं, या रस्त्याने. आमचे डॉक्टर म्हणाले, माझी गाडी ने, मी तुझी वापरतो. जावई तडकला. लग्नात डॉक्टर त्याला रोपं विकणारा म्हणून घालूनपाडून बोलले होते, ते त्याच्या डोक्यातून गेलंच नव्हतं. ओरडला, तुमची गाडी तुम्हालाच लखलाभ होवो, माझी बायको मी माझ्या गाडीतून नेईन."

"मग?"

"मग काही नाही. डॉक्टर खुर्चीत बसून राहिले. म्हणाले, बरोबर आहे त्याचं, मी चुकीच्या वेळी चुकीचं बोललो होतो." म्हाताऱ्याने डोळे पुसले. "मॅडम, मी कुणावर आळ घेत नाही. पण डॉक्टरांच्या गाडीतलं कुणाच्या गाडीला बसेल, तर त्या एकाच गाडीला."

हवालदाराने बाईंकडे पाहिलं. आता उरलंय काय, असा त्याचा चेहरा होता. बाई उठल्या. म्हाताराही उठला आणि त्याने आपली कापडी पिशवी खांद्याला लावली. बाईंचं लक्ष पिशवीच्या बंदाकडे गेलं. तुटलेला बंद काळ्या दोऱ्याने शिवला होता. सारख्या अंतरावर टाके, प्रत्येकाला वेगळी गाठ.

"हे कुणी शिवलं?"

"डॉक्टरांनी. त्यांना काही फाटलेलं बघवायचंच नाही. जनावराची कातडी शिवायचा दोरा उरला की बसायचे शिवत. माझी पिशवी, दोरखंडं, खुर्चीची गादी." तो कसनुसा हसला. "माझे हात असले. मला सुईत दोरा ओवता येत नाही."

बाईंचा पाय पायरीवरच थबकला.

५

जावयाची रोपवाटिका गावाबाहेर होती. तो रोपांना पाणी घालत होता, पण एकाच कुंडीत इतका वेळ घालत होता की ती वाहून चालली होती. बाईंनी आपण कोण ते सांगितलं आणि सावलीत उभ्या असलेल्या पिकअपच्या मागच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार टाकला. सोडला. गाडी एकदा वर आली आणि गप्प झाली.

"गाडी चांगली चालते?"

"हल्ली बरी चालते," तो म्हणाला. "आधी फार आदळायची. रस्त्यावर मुरूम टाकला असेल. ही मागच्या सीटवर आडवी असते, मी गोगलगायीसारखी चालवतो. ती म्हणते, तुझा हात बसला आता."

"रस्त्यावर कुणी काही टाकलेलं नाही," बाई म्हणाल्या. "टायरवर हात फिरवून बघा. तुमच्या टायरवर जुने खड्डे आहेत, म्हणजे तुमचे शॉकअप मेलेले होते. आणि आता खाली काळी कुळकुळीत नवी जोडी आहे. कुणी घातली?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. वाकून त्याने गाडीखाली पाहिलं आणि तसाच वाकलेला राहिला.

"मी चोर नाही, मॅडम."

"ठाऊक आहे. तुमच्याकडचे जुने डॉक्टरांच्या गाडीत होते, त्यांनी स्वतः शिवलेले. जो चोरतो तो आपलं सडकं सामान धन्याच्या हातात शिवायला देत नाही. तुमची गाडी त्यांच्याकडे कधी होती, एवढंच सांगा."

तो हळूहळू खाली बसला, ओल्या मातीतच.

"थंडीत हिला दवाखान्यात ठेवून घेतलं होतं. मी तिच्याजवळ होतो. गाडी बाहेर चिखलाने बरबटलेली. सासरे आले, म्हणाले, एवढी धुऊन तरी आणतो, त्यालाही नाही म्हणू नकोस. संध्याकाळी आणून उभी केली, आरशासारखी लख्ख. मला वाटलं, समेट करायला बघतायत. मी किल्ली घेतली आणि तोंड फिरवलं. त्यांच्या बोटांना जखमा होत्या, ते दिसलं मला. विचारलं नाही."

बाई त्याच्याजवळ बसल्या. जे जुळलं होतं ते त्यांनी सरळ सांगितलं. जोडी एकच मिळाली होती. सांगून दिली असती तर त्याने घेतली नसती. म्हणून डॉक्टरांनी गाड्या शेजारी शेजारी लावून, जॅकवर चढवून, आपले नवे त्याला दिले आणि त्याचे मेलेले स्वतः घेतले. मित्राने बघू नये म्हणून गॅरेज टाळलं. दुसरी जोडी आली की आपल्या गाडीला घालायची, म्हणजे कुणाला कधी कळायचंही नाही, असा त्यांचा बेत होता. तोवर जपून चालवत राहिले. त्या सकाळी गाय अडली होती, म्हणून वेग धरला.

"त्यांनी जीव दिलेला नाही," बाई म्हणाल्या. "शेवटपर्यंत ब्रेक दाबून होते."

जावयाने हात जोडले. "तिला आता सांगू नका. बाळ होऊ दे. आधीचं गेलं तेव्हा मी तिला पाहिलंय. हे कळलं तर ती मागच्या सीटवरून उतरणार नाही, मरून जाईल तिथेच."

६

म्हणजे अहवाल थांबवायचा. आणि अहवाल थांबला की गावाच्या दृष्टीने उस्ताद खुनी. बाईंना इतक्या वर्षांत असा पेच पडला नव्हता. त्या गॅरेजवर गेल्या. पाटीची काच अजून तशीच पडली होती, आत एकही गाडी नव्हती. त्यांनी उस्तादाला सगळं सांगितलं, आणि जावयाचं म्हणणंही.

उस्तादाने तोंडावर फडकं धरलं. त्याचे खांदे हलत राहिले.

"गाढव," शेवटी तो म्हणाला. "मला सांगितलं असतं तर मी माझ्या गाडीचं काहीतरी जुळवून दिलं असतं. येऊन चहा प्यायला असता नुसता, तरी मी ओळखलं असतं गाडीच्या आवाजावरून. म्हणून तर आला नाही, गाढव."

"तुमचं नाव मी उद्यासुद्धा साफ करू शकते."

"पोरीचं बाळ होऊ दे." त्याने नाक पुसलं. "तोवर मी चोर. काय होईल, आणखी एक काच फुटेल."

फुटली. त्याच्या बायकोला पाणवठ्यावर कुणी बोलेना. त्याने एका शब्दाने खुलासा केला नाही. कंपाउंडर एकदा समोरून आला आणि रस्ता ओलांडून गेला, तेव्हा मात्र उस्ताद शटर ओढून आत बसला. बाई त्या दिवसांत वरिष्ठांना कारणं सांगत राहिल्या. अजून एक तपासणी बाकी आहे, म्हणायच्या. ते खोटं नव्हतं.

लेकीला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. घरी आल्यावर जावयाने बाईंना बोलावून घेतलं. मला एकट्याला नाही जमणार, म्हणाला. उस्तादही आला, दाराशीच उभा राहिला. लेकीने त्याला पाहताच मान वळवली.

बाईंनी सांगायला सुरुवात केली. मांडीवरच्या बाळाला थोपटणारा लेकीचा हात मधेच थांबला. सांगून झाल्यावर तिने एकच विचारलं.

"काका, तुम्हाला हे कधीपासून माहीत होतं?"

उस्तादाने खाली बघितलं. "तुला बरं वाटलं की झालं, पोरी."

ती उठली, दारापर्यंत गेली आणि बाळ त्याच्या काळ्या, तेलकट हातांत दिलं. त्याला ते कसं धरावं कळेना. अंगापासून लांब धरून तो तसाच रडत उभा राहिला.

७

अहवाल गेला. कुजबुजणारे गप्प झाले. काहींनी उस्तादाकडे गाड्या पुन्हा आणल्या, त्याने मुकाट्याने दुरुस्त केल्या. जावयाला ती पिकअप दारात नको झाली होती. विकून टाकू म्हणाला. लेक नाही म्हणाली. बाई निरोप घ्यायला आल्या त्या दिवशी ती म्हणाली, "मला त्या वळणावर न्या. आपण सगळे जाऊ. हा चालवेल."

ती मागच्या सीटवर बसली, बाळ मांडीवर. बाई शेजारी. उतार लागला तसा जावयाने वेग कमी केला.

"नको," ती म्हणाली. "नेहमीसारखी चालव."

वळण आलं. उखडलेल्या लाटा चाकांखालून जाऊ लागल्या. बाईंना त्या खिडकीतून दिसत होत्या, एकामागून एक. लेकीने डोळे मिटले होते आणि एका हाताने समोरची सीट घट्ट धरली होती. बाईंना कळलं, ती हादऱ्याची वाट बघतेय. एक तरी बसावा, बाबांना बसला तसा.

निलगिरीचं झाड मागे गेलं. बाळाची मान लेकीच्या दंडावर होती, तिथून हललीसुद्धा नाही. सपाट रस्ता लागल्यावर लेकीने डोळे उघडले, मागे वळून पाहिलं, आणि तेव्हा कुठे, डॉक्टर गेल्यापासून पहिल्यांदा, ती मोठ्याने रडली.